फुलीचं अंडं

आमचं घर नाशिकहून पेठला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. गाडीवाले थांबून गावरान अंडी विचारतात. आमच्या कोंबड्या दिवसभर बांधावर वाळवी, किडे, नागलीचे सांडलेले दाणे टिपत फिरतात. त्यांच्या अंड्यातला बलक चांगला केशरी निघतो आणि उकडल्यावर वास मारत नाही.

यंदा ती अंडी मला घरातच हवी होती. लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, खायला घाला. पण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. दुकानातलं पांढरं अंडं उकडलं की वासानेच उलटी. घरचं तेवढं राहायचं, आणि अंडी देणारी तेव्हा एकच कोंबडी होती.

सासूबाई कोंबडीच्या पाटीतली सगळी अंडी कधी काढत नसत. एक ठेवायच्या, म्हणजे कोंबडी जागा सोडत नाही. ओळखू यावं म्हणून त्यावर कोळशाने फुली काढायच्या. दिवाळीआधी त्या गेल्या, मग ते काम माझ्याकडे आलं. त्यांच्यासारखी फुली काढायला माझा हात धजला नाही. मी नुसती रेघ ओढायचे.

होळीनंतर एक बाई गाडीतून उतरल्या, थेट पाटीपाशी आल्या.

"असतील तेवढी द्या ताई. हे काळं झालेलंही द्या, धुऊन घेईन."

परक्या माणसाला मला नाही म्हणता येत नाही. रेघेचंही दिलं.

दुसऱ्या दिवसापासून पाटी रिकामी.

"आईनं नेली असतील," आमचे मालक म्हणाले. "तिला विचारल्याबिगर देऊन टाकली ना तू?"

"खाऊ द्या की आजीला," लेक हसली. "हितं असताना एक तरी खाल्लं का तिनं?"

मला हसू आलं नाही. लेकीची नखं पांढरी पडली होती.

आठव्या दिवशी भर दुपारी मी कोंबडीच्या मागे गेले. गोठ्यामागच्या खोलीच्या दाराखालून ती आत सरकली. तिथे सासूबाईंची खाट आहे. त्या गेल्यापासून आत कुणी जात नाही. कडीवर कोळ्याचं जाळं होतं, ते तोडून दार उघडलं. खाटेखाली त्यांच्या जुन्या लुगड्यावर अंडी होती. एकावर फुली.

त्यांच्याच हातचं राहून गेलेलं असेल, असं वाटलं. मग ते सडलेलं असणार. बादलीत सोडून पाहिलं. जुनं अंडं तरंगतं. हे तळाला जाऊन आडवं पडलं. बाहेर काढलं तर माझ्या अंगठ्याला कोळसा लागला.

"गोठ्यामागं गेली होतीस का गं?" लेकीला विचारलं.

"आई, मला चुलीपतुर चालवत नाय."

फुलीचं अंडं मी होतं तिथे ठेवलं. बाकीची तिला घातली. तिच्या पोटात ती राहिली.

आता रोज फुलीच्या शेजारी एक मिळतं. लेकीच्या नखांवर थोडी लाली आली आहे. एवढ्या उन्हाळ्यात ते अंडं कधीच खराब व्हायला हवं होतं, पण वास येत नाही, फुलीही पुसट होत नाही. पुन्हा पाण्यात सोडून बघावं असं मनात येतं. बाळंतपणाला अजून महिना आहे. मी बघत नाही.

दारात उभी राहून सासूबाईंना विचारते मात्र, "आत्याबाई, एक नेऊ का?" खाटेखाली कोंबडी हलकेच कुरकुरते. मग मी हात घालते.