चौथं कडवं

पुण्यात हल्ली थंडी पडली की साहित्य महोत्सवांना ऊत येतो. प्रत्येक महोत्सवात वस्त्यांमधल्या उपेक्षित आवाजांवर एक चर्चासत्र असतंच. ते आवाज सहसा प्रेक्षकांत बसलेले असतात आणि त्यांना कुणी ओळखत नाही. परवा स्वारगेटजवळच्या सभागृहात असा एक आवाज माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता, पांढरी साडी नेसून. माझी आई.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. ड्यूटी करून विश्रांतवाडीला घरी आली की भाकरी थापता थापता गाणी रचायची. जयंतीला विहारासमोर मांडव पडला की बाबा ढोलकी घ्यायचे आणि ती उभी राहून गायची. गाणं संपलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "लिहून कोण देतं, मिस्टर का?" आमच्या बाबांना दोन ओळींचा अर्ज लिहायचा तरी आई लागायची. शेवटी वैतागून तिनं प्रत्येक गाण्याच्या चौथ्या, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायला सुरुवात केली. बाकीचे गीतकार ते रिवाज म्हणून करतात. आईनं ते भांडण म्हणून केलं. माझं गाणं म्हणायचं असेल तर माझं नाव घ्यावं लागेल, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वी एक अभ्यासक घरी आले. शहरातल्या वस्त्यांमधल्या गाण्यांवर पुस्तक करत होते. आईचा घसा त्या दिवशी पार बसला होता, म्हणून तिनं नुसती धृपदं गुणगुणून दाखवली. त्यांनी पोहे खाल्ले, वाहवा केली आणि जाताना मला म्हणाले, "एका गाण्याचे शब्द तेवढे मेल करा." ते काम मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या बसमध्ये बसून केलं.

परवा त्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. भाषणं झाली, शाली झाल्या, मग एका तरुण बँडनं पुस्तकातली गाणी म्हटली. आईचं गाणं लागलं तेव्हा तिनं माझा हात धरला. गिटारवर ते वेगळंच वाटत होतं, पण गाणारी मुलगी चांगली गायली, खोटं कशाला बोलू? तीन कडवी झाली आणि टाळ्या पडल्या. आई टाळ्या वाजवेना. पुढे झुकून ती तशीच थांबली होती. पलीकडच्या गृहस्थांना म्हणाली, "अजून एक आहे."

निवेदक म्हणाले, "ही होती एक सुंदर पारंपरिक रचना."

मी पुस्तक उघडलं. गाण्याखाली छापलं होतं, पारंपरिक. माझं डोकंच फिरलं. अभ्यासक बाहेर टेबलाशी सह्या करत बसले होते. रांग मोडून मी पुढे गेले.

"अहो, आमच्या घरी बसून पोहे खाल्लेत आपण. तेव्हा ही परंपरा समोरच बसली होती. दिसली नाही का?"

त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "गाणारी बाई आणि रचणारी बाई एकच, असं आम्हाला गृहीत धरता येत नाही. रचनेत नाव आलं असेल तर आम्ही ते देतो. नाहीतर पारंपरिक. प्रस्तावनेत लिहिलंय तसं."

आयुष्यभर आईला मांडवात जे ऐकावं लागलं, तेच आता प्रस्तावनेत छापून आलं होतं. फक्त मराठी शुद्ध होतं.

"नाव आहे," मी ओरडले. "चौथ्या कडव्यात आहे."

"मला चौथं मिळालंच नाही. जागा कमी होती म्हणून मी नंतर मेलवर तीन मागितली, आपण तीन पाठवलीत. कुठली, ते आपण ठरवलंत."

आई तोवर माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं.

माणूस खरं बोलत होता. पहिल्या तीन कडव्यांत नदी होती, दिवा होता, पहाट होती. चौथ्यात नुसतं तिचं नाव आणि 'म्हणे'. ते मला गावठी वाटलं. छापील पुस्तकात आई कवयित्री वाटावी म्हणून मी तिचं नाव काढून टाकलं होतं. घाटाघाटाचं पाणी प्यायलेल्या समीक्षकासारखा निर्णय घेतला मी, बसमध्ये, अंगठ्यानं.

म्हणून मग मी त्यांच्यावर आणखी जोरात ओरडले. एक फोन करता आला नसता का, डॉक्टरेट कशाची आहे आपली, वगैरे. एक स्वयंसेवक येऊन म्हणाला, "मॅम, प्लीज, आत सेशन चालू आहे." त्यालाही दोन शब्द सुनावले. स्वतःवरचा राग वाटून टाकायला मला माणसं कमी पडत होती.

आई पुस्तकांच्या स्टॉलजवळच्या खुर्चीत आमच्याकडे पाठ करून बसली. तेवढ्यात ती गाणारी मुलगी धावत आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"आजी, सो सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं. ते लास्ट कडवं मला द्याल? पुढच्या शोला पूर्ण गाईन."

"हिला विचार," आई म्हणाली. "काय काढलं ते हिला माहीत आहे."

मुलीनं रेकॉर्डिंग चालू करून फोन माझ्यासमोर धरला. मी कडवं म्हणायला लागले. चाल नीट लागली, शब्दही आठवले, पण नावाच्या जागी माझा आवाज खाली गेला. रागानं, शरमेनं, कशानंही असेल. कसंबसं संपवलं. मुलगी थँक्यू म्हणून फोन बंद करायला लागली.

"बंद करू नकोस," आई म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "परत म्हणू दे तिला. नाव ऐकू आलं नाही."