पाय टेकला त्या दिवशी

देवीवर माझी श्रद्धा होती, पण ऑपरेशननंतर मी तिच्यावर रुसलेच होते. अकोल्याच्या शाळेत मी खो-खो शिकवते. सराव घेताना झपकन वळले आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. मग चालता चालता गुडघा निसटायचा. शाळेचा जिना उतरताना पडलेसुद्धा. शेवटी अमरावतीला बहिणीकडे राहून ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी माझ्याच मांडीतला स्नायुबंध काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलं. त्यांचं काम उत्तम झालं होतं, माझी भीती मात्र गेली नव्हती. पाय टेकवला की गुडघा पुन्हा निसटेल असं वाटायचं, म्हणून मी टेकवतच नव्हते. गुडघा आखडू लागला. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "असंच चाललं तर पुन्हा भूल देऊन तो मोकळा करावा लागेल."

त्या सकाळी बहिणीच्या देवघरासमोर खुर्चीत बसून मी म्हटलं, "आई, माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ." रडूही आलं नाही, इतकी थकले होते.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत त्याच दिवशी शोभाताई भेटल्या. वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगचं काम करणाऱ्या, वयानं माझ्याहून मोठ्या. त्यांचं हेच ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं होतं. पहिल्यांदा बसवलेलं लिगामेंट बागेत घसरून पुन्हा तुटलेलं. त्यांची व्यायामाची वेळ खरं तर आदल्या दिवशीची, पण गाडी चुकली म्हणून त्या आज आल्या होत्या. मी चालायच्या सरावासाठी लावलेल्या दांड्यांना धरून एका पायावर उभी होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि उठून जवळ आल्या.

"काहून भेता मॅडम?"

"पुन्हा तुटलं तर?"

"माहं तुटलं ना. पुन्हा बसवलं, पुन्हा चालून राहिली. ठेवा माह्या खांद्यावर हात आन् टेकवा पाय."

मी पाय टेकवला. हळूहळू अंगाचं सगळं वजन त्यावर सोडलं. गुडघा थरथरला, पण निसटला नाही. भिंतीपर्यंत आम्ही दोघी चाललो. तिथं पोचल्यावर माझं लक्ष गेलं, त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनाही दुखत होतं.

"तुम्ही बसायचं होतं ना," मी म्हटलं.

"तुमी चालून राहिल्या होत्या, मी कशी बसू?"

त्यांची गाडी का चुकली, याचा अर्थ मी लावत बसत नाही. देवीवर भार टाकला, असं मी आयुष्यभर तोंडानं म्हणत आले होते. तो खरोखर टाकणं म्हणजे काय, ते मला त्या खांद्यानं शिकवलं.

आज मी पुन्हा मैदानावर आहे. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा आधी शोभाताईंच्या गुडघ्यासाठी मागते. माझ्यासाठी मागायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.