लोकेशन काढलं आणि मान खाली गेली

पोलीस ठाण्यात 'कॉल कुठून आला' हे शोधायच्या टेबलावर बसलं, की किस्से न मागता साठतात. लोकांना वाटतं, आम्ही ते फुशारकीनं सांगत असू. छे! बरेचसे मान खाली घालूनच सांगावे लागतात.

* * *

विहिरींवरच्या केबल चोरीला जात होत्या. तिथल्या टॉवरवर एक नंबर खटकला. रोज पहाटे त्यावर कॉल, आणि लगेच कट! "सराईत टोळी!" साहेब खूश. कवठे येमाईला जाऊन आम्ही तो नंबर लावला, तर समोरच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली! सिम मोबाईलवरून मोटार चालू करायच्या स्टार्टरच्या पेटीत होतं. मालक आजोबा धावत आले, "आरं, भिजल्याल्या रानात पानी कुनी सोडलं?" साहेब गुपचूप गाडीत जाऊन बसले.

* * *

वडगाव रासाईला भीमेच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. मोबाईलला तालुका कळत नाही, रेंज जोरात असेल तो टॉवर धरतो. वॉरंट निघालेला एक जण आम्ही दौंडच्या काठावर दुपारपर्यंत शोधला. शेवटी त्याचाच फोन आला, "सायेब, मी समोर हाय, वडगावात. तुमाला पूल लांब पडंल. थांबा, मीच होडीनं येतो!" आला, वर चहाही पाजला. लाज वाटली, पण प्यालो.

* * *

कुरकुंभच्या एका सुपरवायझरला धमकीचा फोन आला. "बसका आवाज होता, गुंडच असणार!" सिम निघालं त्याच्याच सासूबाईंच्या नावावर. बाईंना बोलावलं. "व्हय, मीच बोलले, तोंडावर पदर धरून. माज्या पोरीवर हात उचलतो त्यो. लिवा!" सुपरवायझर म्हणाला, "साहेब, तक्रार मागं घेतो." आम्ही म्हणालो, "तुमची घ्या. बाईंची आता लिहितोय."

* * *

शिरूरकडचा एक तरुण शेतकरी रडत आला. "जेवताना बोलाचाली झाली आन् आबा कालपासनं गायब. फोन लावून लावून थकलो, उचलतच न्हाईत!" म्हाताऱ्या बापानं जिवाचं काही करून घेतलं तर, या भीतीनं आम्हीही हललो. लोकेशन आलं, ते त्याच्याच वस्तीवरच्या टॉवरचं.

"टॉवर चुकतोय सायेब. घरी आसतं तर दिसलं नसतं का?"

तरी गेलो. घरामागं कांदा साठवायची चाळ होती. तिच्या सावलीला गोणपाटावर आबा बसले होते, मोबाईल मुठीत धरून. मला बघून ते उठले.

"बरं झालं आलात सायेब. ह्यो जरा बघता का? बिघडलाय. कालधरनं वाट बघतोय, घरनं फोनच येईना."

रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या, मिस्ड कॉल मात्र एकही नव्हता. पोरगा माझ्या मागंच उभा होता. वळून त्याच्याकडं बघायची मलाच लाज वाटली, म्हणून मी फोनकडंच बघत राहिलो.