ताईला दीर्घिका सांगताना

रविवारची दुपार. पंखा फिरतोय, हेमांगीचे डोळे मिटतायत. पंख्याची घरघर हळूहळू शिलाई मशीनची होत जाते आणि ऊर्मिलाताई म्हणते, “झोपलीस होय गं?”

ऊर्मिलाताईला जाऊन तीन महिने झालेत. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच हेमांगीला वाढवलं, लोकांचे ब्लाउज शिवून पुण्याला खगोलशास्त्र शिकायला धाडलं. आता ती फलटणच्या घरात मशीनवर बसली आहे. घराला मागची भिंत नाही. तिथूनच हेमांगीच्या संस्थेचा लांबलचक व्हरांडा सुरू होतो.

“दवाखान्यातून फोन केला होता तुला,” ताई म्हणते. “विचारलं होतं, दीर्घिका कशा तयार होतात गं? तू म्हणालीस, परिषद आटपली की सांगते.”

“सांगते ना, ताई.”

“सांग. तोवर वेणी घालते.”

हेमांगी तिच्या पायाशी बसते. फरशी दवाखान्याची आहे, पांढरी आणि गार.

“सुरुवातीला सगळीकडे जवळजवळ सारखंच होतं. कुठं कणभर जास्त, कुठं कणभर कमी. जिथं जास्त, तिथं ओढ जास्त. मग न दिसणारं कृष्णद्रव्य तिथं गोळा होत गेलं. वायू त्यात ओढला गेला, निवला, आकसला आणि तारे पेटले. अशा लहान लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. निदान आम्हाला तसं वाटतं.”

“निवल्यावर पेटतात?”

“हो. निवल्याशिवाय आकसतच नाही.”

“अगंबाई!” ताई खुदकन हसते. मग तिची बोटं थांबतात. “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत गं.”

व्हरांड्याच्या टोकाला एक नर्स ऊर्मिलाताईचं नाव पुकारते, आडनावासकट.

“मला वाटलं, तू घरी येशील,” हेमांगी कशीबशी म्हणते. “खरंच वाटलं, ताई.”

“मलाही वाटलं होतं.”

नर्स पुन्हा पुकारते. पाठीमागे कुणी उठल्याचं हेमांगीला जाणवतं.

ती जागी होते. वीज गेलीय, पंखा थांबलाय, उशी भिजलीय. दुपारी न्हाऊन ती मोकळ्या केसांनीच आडवी झाली होती. आता हात मानेमागे जातो आणि वेणीला लागतो. तीन पेडांची, ताईच्या हातची, डोकं दुखेल इतकी घट्ट. पाठीच्या मध्यापर्यंत आलेली आणि तिथंच सुटलेली.

सोडवायला हात धजत नाही. उरलेले केस मुठीत धरून ती बसून राहते.