चनबसअण्णा आणि सरकारी कार्ड

दारू प्यायलेला माणूस दुकानाच्या पायरीवर टेकून उठला, की चनबसअण्णा गल्ल्यावरून उतरून त्या जागी तांब्याभर पाणी ओतायचे. तो माणूस अजून हाकेच्या अंतरावर असायचा. त्याला दिसावं म्हणूनच ते ओतायचे. भवानी पेठेत त्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान होतं आणि आमचं घर त्याच बोळात. माझा धाकटा भाऊ सिद्धाराम जवळच्या कारखान्यात मागावर काम करायचा, आणि प्यायचा. त्याच्यामागं ओतलेलं पाणी मी कितीदा तरी ओलांडून गेले आहे.

अण्णा स्वतः सुपारीसुद्धा खात नसत, आणि हे त्यांनी पेठेत कुणाला विसरू दिलं नाही. सरकारी दवाखान्यापासून रस्त्यावरच्या दिव्यापर्यंत सगळ्याबद्दल त्यांचं एकच वाक्य असायचं, "आमच्या करावर चाललंय की हे." गिऱ्हाइकानं बिल मागितलं, तर मात्र ते भाव वाढवून सांगत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांना कधी वाटलं नाही. इतका निवांत ढोंगी मी दुसरा पाहिला नाही.

एकदा सरकारी आरोग्य विम्याची कार्डं काढून देण्याचं शिबिर त्यांच्या दुकानापुढं भरलं. मांडव अण्णांचा, म्हणून मधली खुर्चीही अण्णांची. सिद्धूला तेव्हा सकाळी चहाचा कप धरवत नव्हता. दारू सोडवायचे उपचार या कार्डावर होतात का, असं मी टेबलावरच्या माणसाला विचारलं. उत्तर अण्णांनी दिलं.

"हे कॅन्सरवाल्यांचं, हार्टवाल्यांचं हाय. बेवड्यांचं न्हाय. प्यायची सोताच्या मजेनं आन् सोडायची सरकारच्या पैशानं, व्हय?"

रांगेतले लोक हसले. मी कार्ड न काढताच घरी आले. आपण सांगतो ते खरं की खोटं, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. ते कुणाला विचारावं, असंही त्यांना वाटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता सिद्धूला मागावरच आकडी आली. सोबतच्या कामगारांनी त्याला रिक्षात घालून एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याच विमा योजनेच्या खिडकीवरच्या मुलीनं रेशन कार्ड पाहिलं आणि विम्याचं कार्ड इथंच काढून देऊ, डॉक्टरांनी मंजुरी मागितली की उपचार त्यावर होतील, असं सांगितलं. तिनं ते इतक्या सहज सांगितलं की मला रडूच आलं. शिबिराच्या दिवशीच व्हायचं ते आकडी येईपर्यंत लांबलं होतं. सिद्धू मानसोपचार वॉर्डात राहिला, पुढं गोळ्या आणि समुपदेशन घेत राहिला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा वॉर्डात गेला. मग मात्र सुटली ती सुटली. तो दुकानावरून जाताना अण्णा गिऱ्हाइकांना दाखवत, "बघा, सरकारचे जावई चालले." सिद्धू मान खाली घालून पुढं व्हायचा. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

नंतर तेच अण्णांच्या घरात निघालं. त्यांचा मुलगा मल्लू दुकानात दिसेनासा झाला. कावीळ झालीय, असं अण्णा सांगत. पुण्याकडच्या एका महागड्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांनी त्याला गुपचूप ठेवून आणलं. परत आल्यावर पुन्हा सुरू झालं. शेवटी एके दुपारी अण्णांची बायको, गौराकाकू, आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मल्लूला भास होत होते, आणि अण्णा खोलीला बाहेरून कडी घालून दुकानात गेले होते. काकू सिद्धूला एवढंच म्हणाल्या, "तुला जितं नेलतं, तितं त्याला ने."

सिद्धूनं रिक्षा आणली. योजना आता सगळ्यांनाच लागू झाली होती, अण्णांच्या घरालाही. मल्लू त्याच वॉर्डात दाखल झाला. संध्याकाळी अण्णा आले, ते आधी योजनेच्या खिडकीवर गेले. पोटाचा आजार म्हणून लिहा, गावात नाव आहे आमचं, असं त्यांनी तिथल्या मुलीला सांगून पाहिलं. खोटं लिहिता येत नाही, असं ती म्हणाली. तेव्हा ते मुलाला घरी न्यायला वॉर्डात शिरले. पोरगं थरथरत होतं, हाताला सलाईन होतं, आणि अण्णा मागं वळून वळून ओळखीचं कुणी आहे का ते बघत होते.

"अप्पा, तुमी जावा," मल्लू म्हणाला. "मी हितंच ऱ्हातो."

अण्णा गेले, ते मल्लू बरा होऊन घरी येईपर्यंत वॉर्डाकडं फिरकले नाहीत. डबा काकू करत, सिद्धू पोचवत असे. दुकानात विचारलं तर मल्लू बंगळुरूला नवा माल बघायला गेलाय, असं उत्तर मिळे. पुढं पेठेला खरं कळलं, तेव्हा आपण पैसा ओतून पोराला सोडवलं, असं अण्णा सांगू लागले.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. व्यापाऱ्यांनी शोकसभा घेतली. वाट चुकलेल्या मुलाला अण्णांनी पदरचा पैसा ओतून माणसात आणलं, असं एक वक्ता गहिवरून सांगत होता. मल्लू पहिल्या रांगेतून उठला. आवाज न चढवता म्हणाला, "मला सरकारी कार्डावर बरं केलं. सिद्धूदादांनी नेलं होतं. अप्पा मला तिथनं काढून न्यायला आले होते."

एवढं बोलून तो बसला. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं, पण तो जागेवरून उठला नाही.