ओढून बघणाऱ्या मोतीबाई

मी वायरींसाठी घरं काढतो. बदलापुरात असं कोणाला सांगितलं की तो लगेच वन बीएचकेचा भाव विचारतो, म्हणून हल्ली 'आनंदनगर एमआयडीसीत डिझायनर आहे' एवढंच म्हणतो. माझी घरं काडेपेटीएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची. त्यांना कनेक्टर म्हणतात. प्रत्येकात ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एक वायर. वायरच्या टोकाला पितळेचं टर्मिनल दाबून बसवलेलं असतं. ते भोकात ढकललं की आतली प्लास्टिकची बारीक जीभ वाकते, टर्मिनल पुढे सरकलं की टक्कन सरळ होते आणि त्याला मागे फिरू देत नाही. वॉशिंग मशीन कितीही थरथरलं तरी वायर जागची हलू नये, याचा मी अठरा वर्षं पगार घेतोय. ती जीभ किती जाड, किती लांब, किती वाकणारी, यावर मी जेवढ्या दुपारी घालवल्या तेवढ्या बायकोशी बोलण्यातही घालवल्या नसतील.

सांगायचंय ते मात्र मोतीबाईंबद्दल.

मोतीबाई चिखलोलीच्या, तिथल्या जुन्या आगरी घरातल्या. सासऱ्यांच्या भातशेतीवर टॉवर उभे राहिले तेव्हा त्या उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये अल्पेशशेठच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागल्या. आमच्या कंपनीतून रिकामे कनेक्टर तिथे जातात, चौदा बायका त्यात वायरी बसवतात आणि तयार जुडगे वॉशिंग मशीनच्या कारखान्यात रवाना होतात. मोतीबाई तिथे बावीस वर्षं होत्या. अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला कापडी चिकटपट्टी गुंडाळून सकाळी बसल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान वर करायच्या नाहीत.

त्यांची एक रीत होती. वायर ढकलायची, टक् ऐकायचं आणि मग दोन बोटांनी ती हलकेच मागे ओढून बघायची. बाजारात दुधी घेताना नख लावून बघावं तसं. सोळा वायरींचा कनेक्टर असेल तर सोळा वेळा. नवीन बाई आली की अल्पेशशेठ तिला पहिले दोन दिवस मोतीबाईंच्या शेजारी बसवायचा. "बोटाला कलला पायजे," मोतीबाई तिला सांगायच्या, "नुसता कानाला कलून काय उपेग नाय." बावीस वर्षांत त्यांच्या हातचा एक नग परत आला नव्हता. याचा त्यांना थोडा माज होता आणि मला तो आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी मी सोळा भोकांचा नवीन कनेक्टर केला. स्वतःच्या कामावर मी सहसा खूश नसतो, यावर होतो. जिभेला एक छोटी पायरी दिली होती, त्यामुळे टर्मिनल मऊपणे आत जायचं आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या टेबलावर ऐकू यावा. पहिला माल सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. सगळ्या बायका ओढून बघत होत्या. एक-दोघी तर अशा ओढत होत्या की बारीक वायर टर्मिनलमधूनच निसटत होती. माझा पारा चढला. एवढा चांगला आवाज दिलाय, तरी ओढायचं कशाला?

"मोतीबाई, आवाज आला की बसली समजायचं. ओढायचं नाही," मी म्हणालो.

त्यांनी एक वायर बसवली, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. "साहेब, हेचा टक जरा आदीच व्हतो असा वाटतंय."

"तुमचे कान लॅबच्या मशीनपेक्षा तेज आहेत का?"

सगळ्या हसल्या. मोतीबाईही हसल्या. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आवाज ऐका. वायर ओढू नका', खाली सही ठोकली आणि तो त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

चौथ्या महिन्यात माल परत आला. कपडे पिळताना मशीनं बंद पडत होती, उघडून बघितलं तर वायर कनेक्टरमधून मागे सरकलेली. वर्कशॉपमध्ये प्रत्येक पिशवीत काम करणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असते. परत आलेल्या मालातल्या सगळ्या चिठ्ठ्या सात नंबरच्या निघाल्या. सात नंबर मोतीबाईंचा.

अल्पेशशेठने मला बोलावून घेतलं. पिशव्या टेबलावर ओतलेल्या, मोतीबाई बाजूला उभ्या, बाकीच्या बायकांचे हात थांबलेले.

"साहेब, डिझाईनमध्ये काही लोचा नाही ना? तसं असेल तो अभी बोलो."

"डिझाईन ओके आहे," मी म्हणालो. खोटं बोलत नव्हतो. लॅबचे सगळे रिपोर्ट पास होते, बाकी तेरा जणींचा माल पास होता. डिझाईनच चुकलं असतं तर सगळ्यांचंच बिघडलं असतं, एवढं साधं गणित मी मनात केलं आणि निश्चिंत झालो.

मोतीबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा साहेब. माझा हात असा हाय का?"

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. शेठ म्हणाला असता तर त्या भांडल्या असत्या, गावातल्या बाईसारख्या कंबरेला पदर खोचून भांडल्या असत्या. मी म्हणालो, "वय होतं, मोतीबाई. बोटांना पूर्वीसारखं कळत नाही." त्यांनी बोटांवरच्या पट्ट्या सोडवल्या, गोळी करून डब्यात टाकल्या आणि चपला घातल्या. मी रिपोर्टमध्ये 'बसवताना झालेली चूक' असं लिहिलं.

त्या गेल्यानंतर आठवड्याभरात सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. सुचलं सात महिन्यांनी. एका दुपारी दुसऱ्याच कामासाठी मी तो कनेक्टर उभा कापला आणि चाळा म्हणून भिंगाखाली हाताने टर्मिनल ढकललं. टक् झालं. मी थांबलो. जीभ त्या पायरीवरच अडकली होती, टर्मिनलच्या मागे पडलीच नव्हती. अजून अर्धा मिलिमीटर जायचं बाकी होतं. लॅबमधलं मशीन टर्मिनल शेवटपर्यंत ढकलूनच थांबतं. माणूस आवाज आला की थांबतो. मोतीबाई म्हणाल्या होत्या ते शब्दशः खरं होतं, आवाज आधीच होत होता.

पण मग बाकीच्या तेरा जणींचा माल चांगला कसा? ते काही केल्या उलगडेना, तेव्हा मी न सांगता कॅम्प चार गाठलं आणि दारातून नुसते हात बघत राहिलो. सगळ्या ओढत होत्या. टेबलाच्या कडेखाली हात नेऊन, माझ्या कागदाच्या डोळ्यांआड, पटकन एक हिसका. अर्धवट बसलेली वायर मागे यायची, त्या ती पुन्हा आतवर दाबायच्या.

मला पाहून भागीरथी नावाची बाई ओशाळली. "सॉरी सर, वो आदत है. मोतीबाईंनीच शिकवलेलं, सुटतच नाही."

"आणि मोतीबाई स्वतः?"

"त्या नाही ओढायच्या, सर. आम्ही बोलायचो, कौन देखता है? त्या बोलायच्या, साहेबांनी सही करून लावलंय."

चौदा जणींत माझं ऐकणारी एकच निघाली आणि तिला मी घरी बसवलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगण्यात काही मोठेपणा नाही. पायरी काढून टाकली. कनेक्टरला एक सरकतं झाकण दिलं. सोळापैकी एकही टर्मिनल अर्धवट राहिलं तर ते झाकण मध्येच अडतं, बंदच होत नाही. कोणाच्या कानावर नको, बोटावर नको. जुना रिपोर्ट मागवून त्यावर चूक डिझाईनची होती असं लिहिलं आणि सही केली. अल्पेशशेठला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बुलाओ उनको, साहेब. मी आधी त्यांनाच विचारायला पाहिजे होतं. बावीस साल इधर थे."

मी रविवारी सकाळी चिखलोलीला गेलो. टॉवरच्या मागे जुनी घरं अजून आहेत. त्यांच्या मुलाने, कमलेशने, दार उघडलं. मोतीबाई खाली चटईवर बसल्या होत्या, हात मांडीवर, रिकामे. पूर्वी त्यांचे हात रिकामे कधी बघितले नव्हते.

मी सगळं सांगितलं. पायरी, अर्धा मिलिमीटर, टेबलाखालून ओढणाऱ्या बायका. कागदावर चित्र काढून दाखवलं. "तुमचा हात चुकला नव्हता. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. चूक माझी. शेठ तुम्हाला परत बोलावतोय."

त्या चित्राकडे बघत राहिल्या. चिडतील असं वाटलं होतं. खरं तर मी तेवढ्यासाठीच गेलो होतो, चार शिव्या खाऊन मोकळं व्हायला.

कमलेशचेच डोळे भरले. तो म्हणाला, "साहेब, घरी आल्यापासून ही कशालाच हात लावत नाय. गॅसचं बटन मी बंद करायचं, कुलूप मी लावायचं. पोरगी झाली मला, पाच महिन्यांची हाय. एकदा पण उचलली नाय तिला. बोलते, माझ्या हातातून सुटेल." तो आत गेला आणि मुलीला घेऊन आला. "आये, आयकलास ना? साहेब स्वतः बोलले. आता घे."

त्याने मुलगी पुढे केली. मोतीबाईंचे हात मांडीवरून थोडे उचलले गेले. मग त्यांनी ते पदराखाली घेतले.

"साहेब," त्या म्हणाल्या, आवाजात राग नव्हता, "तवा तुमी बोल्लाव माझ्या बोटांना कलत नाय, मी खरा मानला. आता तुमीच बोलताव का तो खोटा व्हता. तुमी शिकलेली मानसा, तुमाला दोनी बाजूंनी बोलता येता. पन माझा हात आता मलाच खरा वाटत नाय."

मुलगी रडायला लागली. कमलेश तिला खांद्यावर घेऊन दारात फेऱ्या मारू लागला, आणि मोतीबाई पदराखाली हात धरून तिच्याकडे बघत बसल्या.