महादूचा तिसरा गिअर

वैशाखरे गावच्या महादू वारघड्याला कुणी विचारलं, बाबा तू करतोस काय, तर तो ‘डायवर’ एवढंच सांगे. भात होतं, नाचणी होती, पण ती घरोघरी असते, तिचं काय सांगायचं! मुरबाडला रेल्वे नाही. सगळा तालुका एसटीच्या नाहीतर जीपच्या जिवावर. त्यातली एक जीप बावीस वर्षं महादूने कल्याणला नेली-आणली. माणसं भरून, शेळ्या भरून, एकदा अख्खा बँडबाजा भरून. कधी कुणाला खरचटलं नाही. त्या जीपला गिअर होते म्हणायचं इतकंच. ती एका हाताने चालवायची आणि दुसऱ्या हाताने समजवायची. शेवटी ती भंगारात गेली तेव्हा महादू दोन दिवस धड जेवला नाही.

मग मुलाने, सुनिलने, नवी कोरी पिकअप घेतली. सुनिल एमआयडीसीत कामाला, त्यामुळे गाडी बापाच्याच हातात. गावची भेंडी, काकडी, मिरची क्रेटमधून मार्केटला पोचवायची, असं काम. आता नव्या गाडीला काय धाड भरलीये? पण अकराव्या दिवशी गावाखालच्या उतारावर, वाघोबाच्या ठाण्यासमोर, तिसरा गिअर खाडकन सुटला. गाडी मोकळी धावायला लागली. महादूने ब्रेक दाबला, गिअर परत टाकला, आणि पुढे मार्केटपर्यंत गाडी शहाण्यासारखी गेली. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दुसरीकडे कुठेच नाही, फक्त वाघोबासमोर!

सुंदराने, म्हणजे महादूच्या बायकोने, लगेच निकाल लावला. गाडी आली तेव्हा शोरूमवाल्याने हार घातला, पेढे वाटले, फोटो काढले, पण वाघोबाला नारळ दिला का कुणी? तिने एक नारळ दिला. गिअर सुटला. तिने दुसरा दिला, यावेळी कोंबडाही कबूल केला. गिअर पुन्हा सुटला. देवाच्या मनात काय आहे ते तिला कळेना, आणि देव बिचारा तरी काय करणार!

महादू गाडी घेऊन शहापूरजवळच्या वर्कशॉपमध्ये गेला. एकदा नाही, तीनदा. तिथे भाविक नावाचा तरुण सुपरवायझर होता, बोलायला गोड. त्याने आधी स्वतः सरळ हायवेवर गाडी पळवून पाहिली. मग म्हणाला, काका, उतारावर तुम्हीच चालवा, मला दाखवा. महादूने एक सोडून तीन उतार उतरून दाखवले. गिअर जागचा हलेल तर शपथ! तिसऱ्या खेपेला भाविकने कागद हातात दिला: ‘गाडीत दोष आढळला नाही. चालवण्याची पद्धत तपासावी.’

सुनिलने तो कागद घरी मोठ्याने वाचला आणि घडी घालून ठेवला. पण गावाला कागद वाचून दाखवावा लागत नाही. महादू थकला, त्याचा हात राहिला नाही, असं पारावर बोलणं सुरू झालं. गावातल्याच चांगोने गेल्या मोसमापर्यंत महादूशिवाय कुणाच्या गाडीत मिरची चढवली नव्हती. त्याने आपले क्रेट गुपचूप दुसऱ्या टेम्पोत टाकले. ते महादूच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात सुनिल जेवताना म्हणाला, “बाबा, तुमी आता बसा. टोकावड्याचा सुरज येईल गाडीवर.”

सुनिल वाईट मुलगा नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि भीती खोटी नव्हती. पण बावन्नाव्या वर्षी माणसाला बसा म्हणायचं, म्हणजे कुठे बसायचं त्याने? ओटीवर? त्याने आमटी तेवढी उष्टी टाकली.

शुक्रवारी सुनिलला सुट्टी असते. त्या दिवशी सुरज आला. स्टिअरिंगवर सुरज, मध्ये सुनिल, खिडकीशी महादू. आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या त्या बाजूला बसलेला. काय करावं ते त्याला कळेना, म्हणून तो सुरजचं चालवणं बघत राहिला. पोरगा बरा चालवत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गिअर बदलायचा तेवढाच हात खाली.

उतार लागला, आणि वाघोबा अजून लांब असतानाच गिअर सुटून सुनिलच्या गुडघ्यावर आदळला. सुनिल कळवळला. सुरजने गाडी आवरली, गिअर टाकला. वाघोबा गेला, पूल गेला, पुढचा छोटा उतार आला, तिथे पुन्हा गुडघा. टोकावडं येईपर्यंत पाच वेळा! सुरजने गाडी कडेला घेतली. त्याला घाम फुटला होता.

“काका,” तो म्हणाला, “ही गाडी तुमी चालवता कशी?”

महादू आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, सरक. स्टिअरिंगवर बसून त्याने गाडी वळवली, नुकत्याच उतरलेल्या उतारावर वर नेली आणि परत खाली आणली. डावा हात आपसूक गिअरच्या मुठीवर. बावीस वर्षं तिथेच असायचा. जीपचा गिअर दाबून धरला नाही तर राहतच नसे. पिकअपचा गिअर हलला नाही. पुढच्या उताराला त्याने मुद्दाम हात उचलला. खाडकन गिअर सुटला.

मग सगळं ओळीने कळलं. वाघोबासमोर तो उजवा हात कपाळाला लावायचा, म्हणून तेवढ्यापुरता डावा स्टिअरिंगवर घ्यायचा. बाकी रस्ताभर, आणि वर्कशॉपच्या माणसासमोरसुद्धा, गाडीचा दोष तो स्वतःच मुठीत दाबून बसला होता.

“मीच लपवत हुतो रे,” तो सुनिलला म्हणाला. आधी त्याला लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग वाघोबावर आळ घातल्याचं वाईट वाटलं.

मुरबाडला क्रेट दुसऱ्या गाडीत चढवून तिघे थेट शहापूरला गेले. महादूने भाविकला झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला. हात ठेवायची सवय माझीच, तेही सांगितलं. आता उतारावर तूच चालव, म्हणाला. भाविक उतरणीवर गेला आणि दोनदा गिअर सुटलेला बघून आला. गिअरबॉक्स उघडावा लागेल, म्हणाला. पार्ट कंपनीकडून मागवायचा, कधी येईल ते सांगता येत नाही, तोवर गाडी इथेच राहू द्या. आणि काका, ती सवय तेवढी सोडा. महादूने मान डोलावली.

भाविकने नवा फॉर्म काढला. गाडीचा नंबर लिहिला, किलोमीटर लिहिले, आणि वर न बघताच विचारलं, गाडीवर ड्रायव्हर कोण?

सुरज शेजारीच उभा होता. महादूने मान खाली घातली.

“महादू सोमा वारघडे,” सुनिल म्हणाला. “लिवा. आमची गाडी तेच चालवतात.”

महादू वळला आणि वाकून गाडीचे टायर बघायला लागला. टायर नवे होते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण तो बराच वेळ बघत राहिला.